ग्लासावरची शिरोरेषा : एका मॉकअपच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

कोल्हापुरातल्या रंकाळ्याकडच्या लस्सीवाल्या मामांचं काम आलं. नात्यातले मामा नव्हेत, अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणते. त्यांचा लोगो मागच्या वर्षी मीच केलेला, म्हशीचं तोंड, दोन्हीकडं पसरलेली लांब शिंगं आणि खाली दुकानाचं नाव जाड अक्षरात. आता दुकानासमोर आठ बाय चारचा फ्लेक्स लावायचाय, त्यावर लस्सीचा भलामोठा ग्लास आणि ग्लासावर हा लोगो. गंमत अशी की लोगो छापलेले ग्लास अजून अस्तित्वातच नाहीत. "आदी फ्लेक्सवर बघतो कसं दिसतंय, बरं वाटलं तर दोनशे ग्लास छापून घितो" असं त्यांचं गणित. म्हणजे कोऱ्या ग्लासाच्या फोटोवर मला लोगो असा बसवायचाय की छापलेलाच वाटला पाहिजे. ह्यालाच मॉकअप म्हणायचं.

म्हणलं अर्ध्या तासाचं काम आहे. ही नोंद मुद्दाम ठेवतोय, पुढच्या वेळी असं म्हणायच्या आधी वाचायला.

मामांनी ग्लासाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय, ट्यूबलाइटखाली काढलेला, मागं फ्रिज, ग्लासात मामांचा स्वतःचा हात उलटा दिसतोय. त्याच्यावरच पहिला प्रयत्न केला. कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधनं लोगो उचलला, फोटोशॉपमध्ये टाकला, ट्रान्सफॉर्म, वॉर्प (म्हणजे चित्र वाकवायची सोय), त्यातला आर्क म्हणजे कमानीचा आकार, बेंड २० टक्के, ओके. पाठवून दिला.

मामांचा फोन पाच मिनिटांत. "भावा, ही कमान काय म्हणून काढलीयास? लग्नाच्या मांडवावर 'सुस्वागतम' लिवत्यात तसं दिसालंय."

बरोबर होतं त्यांचं. आर्कला नुसता आकडा दिला की ते वरच्या बाजूला फुगतं. पण फोटो वरनं खाली बघत काढलेला, आणि वरनं बघताना ग्लासाची पुढची बाजू खाली झुकलेली दिसते, म्हणजे रेघेचा मधला भाग खाली आणि दोन्ही टोकं वर. हसऱ्या तोंडासारखी. आकडा उणे करून टाकला तर दिशा तेवढी सुधारली, बसला मात्र नाही. ग्लासासमोर हवेत तरंगतोय असं वाटतंय.

४ जून, बुधवार

सकाळभर एकच गोष्ट बघत बसलो, की हे खोटं नक्की कुठं वाटतंय. शेवटी लक्षात आलं, चुगली शिरोरेषा करतीय.

इंग्रजी नावाचा लोगो असता तर एवढं उघडं पडलं नसतं बहुतेक. तिथं अक्षरं सुटी सुटी, त्यांच्या डोक्यावरची ओळ आपण मनानं धरायची असते, थोडं इकडंतिकडं झालं तरी खपून जातं. आपल्याकडं नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाड रेघच ओढलेली असते, म्हणजे ग्लासावर फूटपट्टीच चिकटवली म्हणा की. ही रेघ ग्लासाच्या काठाशी जुळत नसेल तर कळायला डिझायनर असायची गरज नाही, शाळकरी पोरगंही सांगेल.

मग फोटोत ग्लासाच्या काठावर आणि बुडावर लंबवर्तुळं काढून बघितली. काठाचं लंबवर्तुळ चपटं आहे आणि बुडाचं जास्त गोल. म्हणजे लोगोच्या वरच्या कडेला एक वाक आणि खालच्या कडेला त्याच्यापेक्षा जास्त वाक पाहिजे, आणि मी दोन्हीकडं एकच दिलेला.

गणित करून बघितलं. ग्लास १२० मिमी उंच धरला, मोबाईल ग्लासापासून ४०० मिमी लांब आणि काठापेक्षा १५० मिमी वर. काठाकडं बघायचा कोन साधारण २०.६ अंश येतो, बुडाकडं बघायचा ३४ अंश. लंबवर्तुळाची उंची भागिले रुंदी म्हणजे त्या कोनाचा साइन, तर काठाला ०.३५ आणि बुडाला ०.५६. एकाच ग्लासात एवढा फरक. आणि मोबाईल बरोबर काठाच्या उंचीवर धरला तर काठ नुसती सरळ रेघ दिसतो पण बुड तरीही वाकलेलंच. हे सगळं शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं, मडकं काढताना सर ओरडायचे की तोंड नि बूड सारखं काढू नका. ते सर आज भेटले तर पाया पडेन.

मामांचा फोटो बाद. नवीन काढायचा. ग्लास घेऊन या म्हणालो तर त्यांनी पोराबरोबर दोन पाठवले, एक फुटला तर असू दे म्हणून. त्या जास्तीच्या ग्लासाचा पुढं फार उपयोग झाला.

६ जून, शुक्रवार

पाऊस. राजारामपुरीत सकाळपासनं दोनदा लाईट गेली. खिडकीतनं मऊ उजेड येतोय तेवढंच बरं.

काचेचा फोटो काढणं म्हणजे काचेचा फोटो नसतोच, काचेत जे दिसतं त्याचा फोटो असतो. पहिल्या चार फोटोंत माझा लाल टीशर्ट ग्लासाच्या मधोमध उभा. काळा शर्ट घालून आलो. मागं पांढरा ड्रॉइंग पेपर, आणि ग्लासाच्या दोन्ही बाजूला फ्रेमच्या जरा बाहेर काळा चार्ट पेपर उभा केला, त्यानं ग्लासाच्या दोन्ही कडांना बारीक काळी किनार येते. तिच्यामुळंच ग्लास मागच्या पांढऱ्यातनं सुटा होतो, नाहीतर काठ कुठं संपतो ते कळत नाही. ही साधी गोष्ट, पण पांढरी लस्सी पांढऱ्या पेपरवर ठेवली तर त्याशिवाय गत्यंतर नाही.

मोबाईल जवळ नेऊन काढायचा मोह आवरला. जवळनं ग्लासाचा काठ फुगतो आणि बूड बारीक होतं, शिवाय गोल वस्तूच्या बाजू जास्त लपतात. मागं सरकून दोनच्या झूमवर घेतला. मोबाईल कायम एकाच जागी राहावा म्हणून ट्रायपॉडचे पाय फरशीवर टेपनं चिकटवले, आईनं बघितलं, काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

लस्सीचा वेगळाच प्रॉब्लेम. फेस दहा मिनिटांत बसतो. आणि माझ्या मूळ लोगोत नाव पांढरं, मरून फ्लेक्सवर ते उठून दिसतं, पण लस्सीवर पांढरं अक्षर टाकलं की नाव गायब. रिकाम्या ग्लासावर छान, भरल्या ग्लासावर कोरं. दोनशे ग्लास पांढऱ्या शाईत छापल्यावर हे कळलं असतं तर? मामांना फोन केला, ते म्हणाले "मग उलट कर की." मरून लोगो. विषय संपला.

७ जून, शनिवार

आजचा दिवस उद्यमनगरच्या मित्राच्या नावावर. हा लेथवर काम करतो, त्याचा भाऊ पत्र्याचं फॅब्रिकेशन बघतो. ग्लास हातात घेतला, फिरवला आणि दोन सेकंदात म्हणाला, "टेपर हाय की ह्याला." मी चार दिवस सिलिंडर सिलिंडर म्हणतोय आणि ग्लास वर रुंद, खाली निमुळता. व्हर्नियर लावलं, काठाला व्यास ८० मिमी, बुडाला ६०.

मी विचारलं, ह्याच्यावर कागद गुंडाळायचा तर कसा कापायचा. दोघं भाऊ हसाय लागले. नरसाळं, हॉपर, चिमणीची टोपी, हे त्यांचं रोजचं काम. पत्रा सपाट असतो आणि वस्तू शंकूची, मग आधी डेव्हलपमेंट काढायची, म्हणजे वस्तू उलगडून सपाट केली तर कसा आकार होईल ते. त्यानं जुन्या पुठ्ठ्यावर खिळा ठोकला, सुतळी बांधली, एक चाप ४८२ मिमीवर मारला, दुसरा ३६१ वर, तीस अंशाला थोडा कमी असा तुकडा कापला आणि ग्लासाभोवती फिरवला. दोन्ही टोकं बरोबर भेटली. वर काठाला कागद काठाबरोबर, खाली बुडाला बुडाबरोबर.

आकडे कुठनं आले ते लिहून ठेवतो. तिरकी उंची १२०.४ मिमी. वरची त्रिज्या ४०, खालची ३०, फरक १०. मोठा चाप म्हणजे ४० गुणिले १२०.४ भागिले १०, आले ४८१.७. त्यातनं तिरकी उंची वजा केली की लहान चाप, ३६१.३. आणि कोन ३६० गुणिले १० भागिले १२०.४, म्हणजे २९.९ अंश. दोरा गुंडाळून काठाचा घेर मोजला तर २५१ मिमी, गणितातनंही तेवढाच येतो.

मग त्यानं गंमत म्हणून एक सरळ पट्टी कापून ग्लासाला गुंडाळली, ग्लास फिरवला आणि मागची बाजू माझ्याकडं केली. पुढं पट्टी आडवी, पण मागं दोन्ही टोकं वर चढून गेलेली, चांगली बोटभर. "सरळ पट्टी टेपरला कधी सरळ बसत नसती," म्हणाला. त्यावेळी मी मान हलवली आणि विसरून गेलो.

चहा त्याच्याकडंच. पैसे घेतले नाहीत, पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फुकट करून द्यायचा ठरला. महागात पडणार.

९ जून, सोमवार

आज खरं काम हललं.

कल्पना अशी. अंदाजानं वाकवत बसण्यापेक्षा ग्लासालाच विचारायचं. पाच मिमीच्या चौकटींचा आलेख त्या शंकूच्या तुकड्याच्या आकारात प्रिंट काढला, म्हणजे आडव्या रेघा चापावरच्या आणि उभ्या रेघा खिळ्याकडं जाणाऱ्या. तो कोरड्या ग्लासाला घट्ट गुंडाळला. टेबलावर ग्लासाच्या बुडाभोवती पेन्सिलनं गोल काढला, फोटो घेतला. मग तो ग्लास उचलला आणि त्याच गोलावर दुसरा, लस्सी भरलेला ग्लास ठेवून दुसरा फोटो. इथं मामांचा जास्तीचा ग्लास कामाला आला, एकाच ग्लासाचा कागद सोडवून लस्सी भरेपर्यंत तो हललाच असता.

दोन फोटो एकावर एक ठेवले तर केसभर सुद्धा फरक नाही. आता माझ्याकडं लस्सीच्या ग्लासावर चौकटींचं जाळं आहे, आणि प्रत्येक चौकट कुठं किती वाकली, किती आवळली, सगळं समोर. फोटोशॉपमध्ये लोगो सरळ चौकटींच्या जाळ्यावर ठेवला, दोन्ही मिळून स्मार्ट ऑब्जेक्ट केलं, म्हणजे एकत्र बांधलं, मूळ चित्र न बिघडता वाकवता येतं, वॉर्पला पाच बाय पाचचं ग्रिड दिलं आणि एकेक बिंदू उचलून फोटोतल्या रेघांवर नेऊन बसवला. मधे कमी पडलं तिथं ग्रिडला जास्तीची रेघ मारली. दीड तास गेला. मग जाळं लपवलं.

शिरोरेषा बसली. काठाशी बोलायला लागली एकदम. मी एकटाच खुर्चीत मागं टेकून बघत राहिलो, कुणाला दाखवावं तर दुकानात फक्त झेरॉक्सला आलेली एक बाई, तिला दाखवला, ती म्हणाली "ग्लास कितीला?"

डिस्प्लेसमेंट मॅप, म्हणजे दुसऱ्या चित्राच्या उजेड-अंधारावरनं लोगो सरकवायची पद्धत, पण करून बघितला मधे, तो इथं माझ्या कामाचा निघाला नाही. करड्या रंगाची फाइल द्यायची, १२८ करडा म्हणजे जागेवर, त्याच्यापेक्षा उजळ एकीकडं सरकवतो, गडद दुसरीकडं. कापडाच्या सुरकुत्यांना, भिंतीच्या खडबडीला उत्तम. पण गुळगुळीत ग्लासावर २५६ पायऱ्यांचा करडा पुरत नाही, शिरोरेषेला करवतीसारखे दाते आले. मॅप ब्लर केला तर दाते गेले नि वाकच चुकला. सोडून दिलं.

१० जून, मंगळवार

मामांनी बघितला. लई भारी म्हणाले. मग दोन मिनिटांनी परत फोन.

"म्हस बदललीयास काय?"

मला कळेना. तर त्यांचं म्हणणं, शिंगं आखूड झाल्यात. "आमची म्हस पंढरपुरी हाय रे, शिंगं अशी लांब तलवारीसारखी, खांद्यापतोर. ही तर मुऱ्हा वाटालीय."

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी, मुऱ्ह्याची शिंगं आखूड आणि जिलबीसारखी गुंडाळलेली असतात. गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला जाणारा कुठलाही माणूस हा फरक लांबनं ओळखतो. मामांची अख्खी उमेद त्या शिंगांवर.

आणि गोष्ट अशी की चूक माझी नव्हती, चूक ग्लासाची. गोल पृष्ठभागावर बाजूला जाईल तसा लोगो आपल्यापासनं वळत जातो आणि आवळलेला दिसतो. मधल्या उंचीला ग्लासाची त्रिज्या ३५ मिमी. लोगो ६० मिमी रुंद, म्हणजे मध्यापासनं दोन्हीकडं ३०. त्यातले मधले पहिले १० मिमी डोळ्याला ९.९ दिसतात, पुढचे १० दिसतात ९.१, आणि शेवटचे १० फक्त साडेसात. म्हशीचं तोंड जसंच्या तसं आणि शिंगांची टोकं नेमकी त्या शेवटच्या दहात. सूत्र साधं आहे, ग्लासावरचं अंतर भागिले त्रिज्या हा कोन, त्याचा साइन गुणिले त्रिज्या म्हणजे दिसणारं अंतर. माझ्या जुन्या आर्कवाल्या मॉकअपमध्ये हे आवळणं नव्हतंच, म्हणून तर तो हवेत तरंगायचा.

आता मामांना साइन कसा सांगू. ग्लास घेऊन दुकानात गेलो, ग्लासावर कागदी लोगो चिकटवला आणि म्हणलं हे खरं आहे, हे बघा, शिंगं इथं पण आखूडच दिसतात. त्यांनी ग्लास डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला. "फिरवल्यावर दिसत्यात की लांब." फ्लेक्सवरचा ग्लास कोण फिरवणार मामा.

तोडगा असा निघाला की लोगोच लहान करायचा. ४८ मिमी रुंदी, दोन्हीकडं २४. अगदी कडेला दिसणारी रुंदी खऱ्याच्या ०.६५ पट होती ती ०.७७ पट झाली, शिंगं मोकळी झाली. आणि लोगो लहान झाल्यावर ग्लास मोठा वाटायला लागला, हा फायदा मामांनीच काढला. लस्सी जास्त वाटतीय म्हणे. अस्सल दुकानदार.

११ जून, बुधवार

उजेड. आकार बसला तरी लोगो अजून वरनं चिकटवल्यासारखा दिसत होता, कारण ग्लासाच्या डाव्या बाजूला खिडकीच्या उजेडाची उभी पांढरी पट्टी आहे आणि माझा लोगो तिच्यावरनं बिनधास्त चाललाय. काचेवर छापलेलं असलं तरी चमक तिच्याही वर येणार.

लोगोचा लेअर मल्टिप्लायवर, म्हणजे वरचा रंग खालच्या चित्रात मिसळणाऱ्या मोडवर, टाकला तर लस्सीचा पांढरेपणा मरूनमध्ये छान मिसळला, पण उजेडाची पट्टी पण मरून झाली. मल्टिप्लायला चमक कळत नाही, पांढरं दिसलं की रंगवून टाकतो. मग लेअरवर डबल क्लिक करून ब्लेंड इफमध्ये (खालचं चित्र किती उजळ त्यावरनं वरचा लेअर लपवायची सोय) खालच्या लेअरची पट्टी घेतली, पांढऱ्या टोकाचा त्रिकोण ऑल्ट दाबून दोन तुकड्यांत फोडला आणि आत सरकवला, म्हणजे खालचं जितकं जास्त उजळ तितका लोगो हळूहळू विरघळतो. लस्सी पांढरी असल्यानं इथं फार बारीक सरकवावं लागतं, जरा जास्त झालं की लोगोच जातो. लस्सीचा पांढरा २३० च्या आसपास, चमक २५० च्या वर. त्या वीसच्या फटीत सगळा खेळ.

आणि थेंब. गार लस्सीमुळं ग्लासाला बाहेरनं पाणी सुटलेलं. हे थेंब लोगोच्या वर असतात, खाली नव्हे, आणि प्रत्येक थेंब बारकं भिंग असतो. खऱ्या कागदी लोगोवर बोटानं पाणी शिंपडून जवळनं बघितलं तर थेंबाच्या आत मरून रंग, वरच्या अंगाला टिकलीएवढा पांढरा उजेड, खालच्या कडेला बारीक सावली. सात मोठे थेंब हातानं मास्क करून लोगोवर आणले, बाकीच्यांना ब्लेंड इफनंच सांभाळलं. सात पुरले. सगळे करत बसलो असतो तर वेड लागलं असतं, आणि आठ बाय चारच्या फ्लेक्सवर रस्त्याच्या पलीकडनं कोण थेंब मोजतंय.

१२ जून, गुरुवार

मामांना आता सोड्याचा ग्लास पण पाहिजे. तोच ग्लास, दोन्ही बाजूला लोगो. मला वाटलं कॉपी-पेस्ट. पण सोडा आरपार दिसतो, मग मागच्या बाजूचा लोगो काचेतनं आणि सोड्यातनं दिसणार.

कागदी लोगो मागं लावून, पाणी भरून बघितलं तर अंगावर काटा आला. मागची म्हैस उलटी, म्हणजे डावं उजवीकडं, आणि आडवी जवळजवळ दुप्पट रुंद, उंचीला तेवढीच. भरलेला ग्लास उभं भिंग होतो, पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरून मधल्या भागासाठी गणित केलं तरी बरोबर दुप्पटच येतं. पुढची पंढरपुरी म्हैस आणि तिच्या मागं हत्तीएवढी दुसरी.

मामांना फोटो दाखवला. सोड्याच्या ग्लासाला एकाच बाजूला छापायचं ठरलं.

१४ जून, शनिवार

फ्लेक्स गेला. लागला. पावसात सुद्धा लोक थांबून बघतात म्हणे, मामा म्हणाले, मी जाऊन बघितलं तर एक माणूस थांबलेला, तो रिक्षाची वाट बघत होता. पण ग्लास झकास दिसतोय. दोनशे ग्लासांची ऑर्डर मामांनी परस्पर देऊन टाकली.

२१ जून, शनिवार

मामांचा फोन, आवाज पडलेला. नमुन्याचा ग्लास आलाय, दुकानात ये.

गेलो. ग्लास हातात घेतला आणि आधी हसू आलं, मग पोटात गोळा. लोगो हसतोय. शिरोरेषा मधे खाली, दोन्ही टोकं वर, शिंगं खरोखरच आखूड, आणि डाव्या अंगाला नावातनं एक उभी पट्टी गायब, जिथं माझी खिडकीच्या उजेडाची चमक होती तिथं. थेंबाच्या जागी सात भोकं.

मामांनी छापणाऱ्याला मी पाठवलेलं मॉकअपच फॉरवर्ड केलेलं. त्या बिचाऱ्यानं त्यातनं लोगो कापून घेतला आणि जसाच्या तसा छापला. म्हणजे मी एकदा वाकवलेला, आवळलेला, उजेड पाडलेला लोगो खऱ्या ग्लासावर जाऊन परत वाकला, परत आवळला. छापणाऱ्याची चूक म्हणता येत नाही, त्याला मिळालं ते त्यानं केलं. चूक माझी, सपाट फाइल वेगळी द्यायला पाहिजे होती, आणि ही छापायची नाही असं मॉकअपवर लिहायला पाहिजे होतं. नशीब एवढंच की नमुना एकच होता.

मामा म्हणाले "ह्यो मला राहू दे, घरी ताक प्यायला."

२३ जून, सोमवार

छपाईची फाइल. छापणाऱ्याशी स्वतः बोललो. ट्रान्सफर पद्धत आहे, कागदावर छापून घेतात, पाण्यात भिजवला की वरचा पातळ थर सुटतो, तो ग्लासाला बसवून भट्टीत भाजतात. म्हणजे सपाटावरनं गोलावर जाणारच आहे, मला फक्त सपाट आणि खरा लोगो द्यायचाय.

पण मामांनी मधे भर घातलेली. लोगोच्या खालनं ग्लासाला सगळीकडनं एक बारीक मरून रेघ पाहिजे. कोरलमध्ये सरळ रेघ मारली आणि हात थांबला. उद्यमनगरातली ती पट्टी आठवली. रेघ काठाच्या खाली ७५ मिमीवर, तिथं घेर २१२ मिमी, सरळ रेघ दिली तर मागच्या बाजूला दोन्ही टोकं साडेतेरा मिमी वर चढून टोकदार घडी पडणार, घराच्या छपरासारखी. तर ती रेघ द्यायची चापावर, ४०७ मिमी त्रिज्येच्या. शिरोरेषा पण चापावरच, तिची त्रिज्या ४४७, म्हणजे मध्यापेक्षा टोकं साधारण पाऊण मिमीला थोडी कमी एवढी खाली.

आणि बघा, हा चाप कुठल्या दिशेचा? मधे वर, टोकं खाली. कमान. पहिल्या दिवशी मामांनी ज्याला लग्नाचा मांडव म्हणलेलं तीच दिशा. फोटोसाठी ती चुकीची आणि छपाईला बरोबर, फक्त तेव्हा मी वीस टक्के दिलेली, इथं डोळ्याला दिसणार पण नाही इतकी. कागदावर छापून ग्लासाला गुंडाळून बघितलं, रेघेची टोकं मागं भेटली.

फाइलच्या नावातच 'छपाईसाठी, सपाट' लिहिलं. मॉकअपवर आडवा मोठा शिक्का मारला, 'फक्त बघायला'. मामांना दोनदा सांगितलं, त्यांच्या पोराला तीनदा.

२८ जून, शनिवार

दुसरा नमुना आला. शिरोरेषा काठाला समांतर, रेघ मागं जुळलीय, जोड शोधावा लागतो. मामांनी लगेच त्यात लस्सी ओतली, गल्ल्यावर ठेवला, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, मग फ्लेक्सकडं बघितलं, परत ग्लासाकडं.

"फ्लेक्सवर उजेड डावीकडनं हाय," म्हणाले, "आपली ट्यूब उजवीकडं."

मी गप्प. त्यांनी पोराला स्टूल आणायला सांगितलं, ट्यूब डावीकडं घ्यायचीय. लस्सी मी पिलो, राहिलेले पैसे सोमवारी देतो म्हणालेत.